ऑफिसच्या मेलपेटीत घरची पत्रं: पुसायची की ठेवायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: फोंडा तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात त्या यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक, आहेत. नोकरीला १९ वर्षं झाली. कार्यालयाची पदनामाची ई-मेल पेटी गेली कित्येक वर्षं त्याच उघडतात. स्वतःच्या नावाचा सरकारी पत्ताही आहे, पण तो फारसा वापरलेला नाही. बँक, विमा, मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, फ्लॅटच्या गळतीवरून बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, गावच्या नाट्यमंडळाच्या तालमींचे निरोप असं सगळं सवयीने पदाच्या पेटीतूनच गेलं. रजेचे आणि मेडिकल बिलाचे मेलही त्यातच आहेत. मागच्या महिन्यात खात्याचं परिपत्रक आलं की सरकारी मेल फक्त सरकारी कामासाठी, नाहीतर वर्तणूक नियमांखाली कारवाई होईल. पाठोपाठ एका प्रकरणातले सहा महिन्यांचे मेल मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज आला, आणि आता डिचोलीला बदलीची ऑर्डरही आली आहे. हेड क्लार्क म्हणतात, चार्ज देण्याआधी सगळं पुसून टाक. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, सरकारी पत्त्याची कटकटच नको, ऑफिसचं कामही जीमेलवर घे. त्या विचारतात: माझ्या हातून गुन्हा झालाय का? सगळं पुसून टाकू का? साहेबांना सांगू का?

ताई,

घाई आहे ती पुसण्याच्या प्रश्नाला, म्हणून आधी तोच घेऊया. तूर्त पेटीतला एकही मेल पुसू नका. घरचा असो, ऑफिसचा असो, ट्रॅशमध्ये पडलेला असो. हेड क्लार्कनी सल्ला मायेपोटीच दिला असेल, पण तो ऐकलात तर आज जी साधी चूक आहे तिचं उद्या प्रकरण होईल.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(च) मध्ये 'माहिती'ची जी व्याख्या आहे, तिच्यात ई-मेल हा शब्दच आहे. अर्जात मागितलेली माहिती नष्ट करणं हे कलम २० मध्ये दंडाचं कारण म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. दंड तर पीआयओला, म्हणजे जन माहिती अधिकाऱ्याला होतो, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर कलम ५(४) आणि ५(५) एकदा वाचा. पीआयओने ज्याच्याकडे मदत मागितली, तो त्या कामापुरता पीआयओच मानला जातो. पेटी तुम्ही चालवता, म्हणजे ती मदत मागणारी चिठ्ठी तुमच्याच टेबलावर येणार.

पुसून काही लपतही नाही. तुमच्या बाजूने मेल गेला तरी ज्याला पाठवला त्याच्याकडे तो राहतोच. अर्जदाराने समोरच्या खात्याकडेही तसाच अर्ज केला, त्यांच्याकडून चाळीस मेल निघाले आणि तुमच्याकडून एकतीस, तर उरलेले नऊ कुठे गेले याचं उत्तर देताना मुलाच्या प्रवेशाचे कागद पुसले होते हे कोणी ऐकून घेणार नाही.

आता गुन्ह्याचं. बँकेचं स्टेटमेंट पदाच्या पेटीत आलं म्हणून कोणी फौजदारी गुन्हा करत नाही. हा वर्तणुकीचा प्रश्न आहे. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत आणि कारवाई झालीच तर ती १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांप्रमाणे होते. हेतू काय होता, खात्याचं नुकसान झालं का, सांगितल्यावरही चालू ठेवलं का, हे त्यात पाहिलं जातं. परिपत्रक येऊन महिना झाला आहे. त्याआधीचं आणि त्यानंतरचं याच्या वजनात फरक आहे, म्हणून नवीन घरगुती मेल त्या पेटीतून आजपासून एकही जाऊ देऊ नका.

पण तुमच्या पत्रात एक समजूत आहे ती बाजूला काढायला हवी. रजेचे अर्ज, मेडिकल बिलं, बदलीबद्दलचं निवेदन हे सगळं तुम्ही 'वैयक्तिक' या खात्यात टाकलं आहे. ते वैयक्तिक नाही. कर्मचारी म्हणून वरिष्ठांशी झालेला तो सेवेचाच व्यवहार आहे, आणि तो सरकारी पत्त्यावरूनच व्हायला हवा, शक्यतो तुमच्या नावाच्या. यात फक्त एक गोष्ट सांभाळा: बदलीच्या निवेदनाची प्रत आमदारांना 'सीसी' करायची आपल्याकडे फार सवय आहे. वर्तणूक नियमांतला नियम २० सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणायला मनाई करतो. तोंडी रदबदलीचा पुरावा नसतो, मेलच्या सीसीत मात्र नाव आणि तारीख दोन्ही राहतात.

तर मग खरा प्रश्न कुठे आहे? तुम्ही विचारता, ऑफिसचा मेल घरच्या कामाला किती वापरला तर चालतो. त्याआधी पेटी कोणाची आहे ते पाहा. सरकारी पत्ते दोन जातींचे असतात. एक पदाचा, जो खुर्चीबरोबर राहतो आणि खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या माणसाकडे जातो. दुसरा नावाचा, जो तुमच्याबरोबर फोंड्याहून डिचोलीला येतो. २०१५ मध्ये राजपत्रात आलेली केंद्राची ई-मेल वापराची आणि आयटी साधनांच्या वापराची अशी दोन धोरणं आहेत. त्यांतलं ई-मेलचं धोरण एनआयसीची (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची) सेवा वापरणाऱ्या राज्य सरकारांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू केलेलं आहे. आयटी साधनांच्या धोरणात एक वाक्य आहे ते फार थोड्यांना ठाऊक असतं: वैयक्तिक पत्रव्यवहारासाठी नावाचा सरकारी पत्ता वापरता येतो. म्हणजे धोरणाने घरचा मेल सरसकट निषिद्ध ठरवलेला नव्हता, तो पदाच्या पेटीबाहेर ठेवायला सांगितला होता. तुमच्या खात्याचं परिपत्रक याहून कडक असेल तर अर्थातच ते पाळायचं. त्यात दोन्ही पत्त्यांचा उल्लेख आहे की नुसतं 'सरकारी मेल' म्हटलं आहे, ते नीट वाचा आणि संदिग्ध असेल तर खुलासा लेखी मागा.

तरीही बँक आणि विमा नावाच्या सरकारी पत्त्यावर हलवू नका, सरळ खासगी पत्त्यावर न्या. ९० दिवस न वापरलेलं खातं बंद करण्याची तरतूद ई-मेल धोरणात आहे. तुमचं नावाचं खातं पडूनच आहे, तेव्हा ते चालू आहे का ते आधी तपासा. निवृत्तीनंतर, किंवा राजीनामा दिल्यावर, किमान २० वर्षं सेवा झालेल्या अधिकाऱ्यांना नावाचा पत्ता एक वर्ष ठेवता येतो आणि मग त्याच नावाने पेन्शनरांच्या वेगळ्या डोमेनवर दुसरा मिळतो, अशी सोय त्याच धोरणात होती. पण गृहकर्ज आणि विम्याच्या पॉलिसी नोकरीपेक्षा जास्त टिकतात. त्यांचा पत्ता सेवेच्या नियमांवर अवलंबून का ठेवायचा?

पदाच्या पेटीत बँक असण्याचा खरा धोका कारवाईचा नाही. समजा तुम्ही चार्ज दिलात, आणि विमा कंपनीच्या साइटवर तोच जुना पत्ता राहिला. 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं की नवीन पासवर्डची लिंक त्या पेटीत जाते. ती पेटी आता दुसऱ्याच्या हातात आहे. ते गृहस्थ सज्जन असतील, पण पदाच्या पेटीचा पासवर्ड आपल्या बहुतेक कार्यालयांत दोन-तीन टेबलांना माहीत असतो, आणि कधीकधी तर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. दुसऱ्या बाजूनेही पाणी मुरतं. खरेदीच्या एखाद्या साइटवर तुम्ही ऑफिसचा पत्ता आणि ऑफिसचाच पासवर्ड दिला असेल आणि ती साइट फुटली, तर चोराच्या हातात थेट कार्यालयाची किल्ली जाते. परिपत्रकं काढावी लागतात ती मुख्यतः यामुळे.

बिल्डरच्या पत्रव्यवहाराबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. पदाच्या पेटीतून गेलेल्या मेलखाली आपोआप सही उमटते: पदनाम, कार्यालय, तालुका, फोन. वर मजकूर असतो, 'गळतीचं काम पंधरा दिवसांत करून द्यावं.' तुम्ही ग्राहक म्हणून लिहिलंत, पण वाचणाऱ्याला तो सरकारी कार्यालयाचा हुकूम दिसतो. त्या बिल्डरची एखादी फाइल तुमच्याच कार्यालयात किंवा शेजारच्या मजल्यावर असेल, तर त्याने काम लगेच केलं तरी वाईट आणि नाही केलं तरी वाईट. घरमालकाशी भांडण, शाळेच्या फीची तक्रार, वीजबिलाचा वाद, कुठलीही दोन पक्षांतली गोष्ट पदाच्या सहीखाली जाता कामा नये. नियम ३ मध्ये सचोटी आणि सरकारी सेवकाला न शोभणारं वर्तन याबद्दल जे म्हटलं आहे, ते इथे लागू होऊ शकतं. बँकेच्या स्टेटमेंटपेक्षा हा एक मेल जड आहे. पुढचा पत्रव्यवहार खासगी पत्त्यावरून करा आणि पहिल्याच मेलमध्ये लिहा: 'यापूर्वीचे मेल कार्यालयीन पत्त्यावरून गेले होते. ही तक्रार माझी व्यक्तिगत असून तिचा माझ्या पदाशी संबंध नाही.'

नाट्यमंडळाचं काय? नाटक करण्यात काहीही गैर नाही, उलट नियम १५ मध्ये अधूनमधून केलेल्या साहित्यिक किंवा कलाविषयक कामाला पूर्वपरवानगी लागत नाही असंच आहे. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या मंडळांत सरकारी नोकर असतातच. मानधन घ्यायचं झालं तर मंजुरी घ्या. अडचण आहे ती दोन ठिकाणी. ऑफिसच्या ग्रुप यादीवर, म्हणजे एका पत्त्यावर टाकलं की सगळ्या कर्मचाऱ्यांना जातं अशा यादीवर, प्रयोगाचं निमंत्रण टाकलं असेल तर ते थांबवा. ई-मेल धोरणात खासगी समारंभांसाठी अशा याद्या वापरणं गैरवापर म्हणून वेगळं नोंदवलेलं आहे. त्यात वास्तुशांतही आली, मुंजही आली. दुसरं म्हणजे वर्गणी. प्रयोगासाठी, जत्रेसाठी, चवथीच्या मंडळासाठी पैसे गोळा करण्याचा निरोप तुमच्या हातून गेला असेल तर नियम १२ आड येतो: पूर्वमंजुरीशिवाय सरकारी सेवकाने कुठल्याही कारणासाठी वर्गणी मागू नये. पत्ता खासगी असला तरी हा नियम सुटत नाही. ते काम मंडळातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा.

आता सहकाऱ्याचा सल्ला. ऑफिसचं काम जीमेलवर नेणं ही तुमच्या आजवरच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठी चूक होईल. सरकारी पत्त्यावरचे मेल खासगी पत्त्याकडे वळवायला धोरणात सुरक्षेच्या कारणाने मनाई आहे. शिवाय अर्ज आला की कार्यालयाचा कागद तुमच्या खासगी पेटीत शोधावा लागेल, म्हणजे आज घरचं ऑफिसात शिरलं आहे त्याच्या जागी ऑफिस घरात शिरेल. रविवारी घरून बघता यावं म्हणून लावलेला ऑटो-फॉरवर्ड चालू असेल तर तो आजच काढा. आणि उलटही: सरकारी नेटवर्कवरून खासगी मेल उघडू नये असं आयटी साधनांचं धोरण सांगतं. तेव्हा खासगी मेल स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर. सुरक्षेसाठी किंवा कायद्याने गरज पडली तर सरकारने दिलेल्या यंत्रावरच्या फाइली आणि संदेश वापरणाऱ्याला कळवून तपासण्याची मुभाही या धोरणात आहे. ऑफिसच्या पीसीवर उतरवून ठेवलेलं पॅनकार्ड म्हणूनच तुमच्या कपाटात आहे असं समजू नका.

हलवाहलव कशी करायची? नवीन खासगी पत्ता उघडा, त्याला स्वतःचा मोबाइल जोडा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग पदाच्या पेटीत 'स्टेटमेंट', 'पॉलिसी', 'व्हेरिफाय', 'पासवर्ड', 'वेलकम' असे शब्द एकेक करून शोधा. विसरलेली खाती याच शब्दांनी सापडतात. कागदावर यादी करा. बदल करताना आधी बँक, मग आयकर पोर्टल, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर त्याचं खातं, मग विमा, डीमॅट आणि म्युच्युअल फंड, आणि शेवटी गॅस, वीज, खरेदी. बरेच ठिकाणी पत्ता बदलताना पुष्टीचा संदेश जुन्या पत्त्यावर येतो, म्हणून हे काम चार्ज देण्याआधीच व्हायला हवं. चार्ज दिल्यावर तो ओटीपी मागायला फोंड्याला फोन करावा लागेल. एक महिना हाताशी असेल तर उत्तम, कारण महिन्याचं स्टेटमेंट, हप्त्याची सूचना असं काय काय अजून जुन्याच पेटीत पडतंय ते कळतं. जुनी स्टेटमेंट नव्या पत्त्याकडे एकगठ्ठा फॉरवर्ड करू नका, त्या गठ्ठ्यात सरकारी मेल हमखास जातो. बँकेला आणि विमा कंपनीलाच ती नव्या पत्त्यावर पाठवायला सांगा.

आणि साहेबांना सांगायचं का? हो, पण लेखी, पीआयओच्या मार्फत किंवा पीआयओना प्रत देऊन, आणि माफीनामा न लिहिता. मजकूर एवढाच पुरे:

'कार्यालयाच्या पदनामाच्या ई-मेल पेटीत माझे काही व्यक्तिगत मेल (बँक, विमा, मुलाचा प्रवेश, घरदुरुस्ती, नाट्यमंडळ) आले-गेले आहेत. परिपत्रकानंतर हा वापर मी बंद केला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित असल्याने एकही मेल मी पुसलेला नाही. व्यक्तिगत मेलची तारीख व विषयनिहाय यादी सोबत जोडली आहे. अर्जाच्या कक्षेबाहेरचे मेल काढून टाकण्यास लेखी अनुमती मिळावी.'

यादी तुम्ही करायची, निर्णय पीआयओने घ्यायचा. अर्जदाराने एका प्रकरणाचे मेल मागितले आहेत, त्यामुळे तुमचं बँक स्टेटमेंट बहुधा अर्जात बसणारच नाही. बसलं, तर वैयक्तिक माहितीसाठी कलम ८(१)(ञ) आहे, आणि एकाच मेलमध्ये दोन्ही मजकूर असेल तर कलम १० खाली खासगी भाग वगळून उरलेला देता येतो. पण हे ठरवणं पीआयओचं काम आहे. तुम्ही स्वतः चाळून 'हा माझा, हा ऑफिसचा' असं करत मेल काढलेत तर नेमका संशय तिथेच येतो. अनुमतीचा कागद हातात आल्यावर त्यात दिलेले मेलच काढा, आणि तो कागद जपून ठेवा. उत्तर गेल्यावर अर्जदाराला पहिल्या अपिलासाठी ३० दिवस असतात, आणि त्या निर्णयानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलासाठी ९०. तोवर तुम्ही डिचोलीत असाल. प्रकरणाशी संबंधित मेल मात्र अपिलं संपल्यावरही तसेच राहतील, ते कार्यालयाचं दप्तर आहे.

अनुमती बदलीच्या दिवसापर्यंत आली नाही तर? घाबरून आदल्या संध्याकाळी पुसायला बसू नका. पेटीत 'व्यक्तिगत, यादीप्रमाणे' असं फोल्डर करून मेल त्यात हलवा, आणि चार्जच्या यादीत त्याची ओळ टाका. नवीन माणसाला ते दिसतील हे खरं आहे. पण तोवर तुमची सगळी खाती नव्या पत्त्यावर गेलेली असतील, त्यामुळे जुन्या कागदांनी कुठलंही दार उघडणार नाही.

चार्ज देताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका. नवीन यूडीसींना समोर बसवून त्यांच्याकडूनच तो बदलून घ्या, पेटीला जोडलेला तुमचा मोबाइल नंबर काढून त्यांचा किंवा कार्यालयाचा घाला, आणि चार्ज रिपोर्टमध्ये 'ई-मेल पेटीचा पासवर्ड बदलून ताबा दिला' असं तारीख-वेळेसह लिहून दोघींच्या किंवा दोघांच्या सह्या घ्या. ही ओळ नसेल तर तुम्ही गेल्यानंतर त्या पेटीतून काही भलतं गेलं तरी पहिली विचारणा तुम्हालाच होईल. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि ज्या पेटीचा पासवर्ड तीन टेबलांना ठाऊक असतो तिच्यातून कोणी काय पाठवलं हे नंतर सिद्ध करणं सगळ्यांनाच कठीण जातं.

डिचोलीला रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच नावाचं सरकारी खातं चालू करून घ्या आणि त्यावर कार्यालयाचा नवा पत्ता नोंदवा. रजा आणि मेडिकलचे अर्ज तिथूनच जाऊ देत.